दोषशोधन आणि दोषारोप

मराठींत 'दोष' हा शब्द दोन निरनिराळीं कामें करतो. डोळ्यांत दोष आहे, धान्यांत दोष आहे, यंत्रांत दोष आहे, असें आपण म्हणतों तेव्हां त्याचा अर्थ उणीव किंवा बिघाड एवढाच असतो. परंतु 'दोष देणें', 'दोष माथीं मारणें', 'दोषी ठरविणें' या प्रयोगांत तोच शब्द एकाएकीं न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो. शोध आणि शिक्षा हीं दोन्ही एकाच शब्दाच्या घरांत नांदत असल्यामुळें एका दालनांतून दुसऱ्यांत आपण केव्हां शिरलों हें बोलणाराच्या ध्यानींही येत नाहीं. दोष शोधावयास निघालेला मनुष्य वाटेंतच दोष देऊं लागतो, आणि तो देऊन झाला म्हणजे शोध पुरा झाला असें मानून स्वस्थ बसतो. या दोहोंतील अंतर काय, आणि त्यांतील कोणतें आधीं व कोणतें नंतर, हा प्रश्न आम्हांस नीतिदृष्ट्या महत्त्वाचा वाटतो. त्याचा विचार करण्यास हल्लींच्या काळांत घरीं, शाळेंत व कचेरींत नित्य आढळणारें एक साधें उदाहरण पुरेसें आहे. तें म्हणजे नीट सुरू न होणारा संगणक.

सकाळीं कळ दाबावी, दिवा लागावा, पंखा फिरूं लागावा आणि पडदा मात्र काळाच राहावा, हा अनुभव ज्यास आला नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ आतां विरळाच. अशा वेळीं माणसें काय करतात हें पाहण्यासारखें असतें. कोणी कळ पुन्हां पुन्हां दाबतो, कोणी पेटीवर थाप मारतो, आणि कोणी 'काल याला हात कोणीं लावला?' असें घरभर विचारीत सुटतो. मूल अडखळून पडलें म्हणजे आई जमिनीस चापट मारून त्याची समजूत घालते. त्यांत कौतुक आहे, कारण जमिनीस दुखत नाहीं हें आईला ठाऊक असतें. परंतु इराणच्या झर्क्सीज बादशहानें, वादळांत पूल वाहून गेला म्हणून, समुद्रास तीनशें फटके मारविले, अशी हकीकत हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें लिहून ठेविली आहे. आणि तिचा उत्तरार्ध लोक सहसा विसरतात. समुद्रास फटके मारून झाल्यावर बादशहानें पुलाच्या कामावरील अधिकाऱ्यांचीं डोकीं उडविलीं. जड वस्तूवर राग काढून समाधान होत नाहीं. तो राग लवकरच एखादें जिवंत माणूस शोधूं लागतो. घरांतील संगणकाच्या बाबतींतही, अर्थात् फार लहान प्रमाणावर, हेंच घडतें.

दोष शोधावयाचा तर निर्दोष स्थिति कशी असते हें प्रथम जाणलें पाहिजे. संगणकाचें सुरू होणें ही एक क्रिया नसून क्रियांची सांखळी आहे. घरांत येणारी वीज यंत्रास जशीच्या तशी चालत नाहीं; पेटींतील वीजपुरवठ्याचा भाग तिचें लहान व स्थिर दाबांत रूपांतर करतो, आणि दाब स्थिर झाले म्हणजे तशी खूण मुख्य फलकास देतो. ती मिळाल्यावर प्रोसेसर एका ठराविक पत्त्यावर जाऊन तेथील पहिली आज्ञा वाचतो. या आरंभींच्या आज्ञा, वीज गेली तरी न पुसणाऱ्या अशा एका चिपमध्यें ठेविलेल्या असतात. त्यांस पूर्वीं बायॉस म्हणत, आणि अलीकडे त्यांची जागा यूईएफआय या नव्या रचनेनें घेतली आहे. या आज्ञा प्रथम यंत्राकडून आत्मपरीक्षण करवितात. स्मृति जागेवर आहे काय, पडद्यास चित्र पुरविणारा भाग उत्तर देतो काय, हें पाहिलें जातें. आणि कांहीं चुकत असेल तर कित्येक यंत्रें ठराविक संख्येनें शिट्टी वाजवून किंवा दिवा लुकलुकवून तें सांगतात. परीक्षा पार पडली कीं डिस्कचा शोध होतो, डिस्कवरील एक छोटी आज्ञावली स्मृतींत येते, ती कार्यप्रणालीस आणते, कार्यप्रणाली बाकीच्या शेंकडों सेवकांस उठविते, आणि शेवटीं आपल्यास ओळखीचा पडदा दिसतो. कळ दाबल्यापासून थोड्या क्षणांत हा सर्व प्रवास होत असल्यामुळें त्यांत मुक्काम आहेत हेंच आपल्या लक्षांत येत नाहीं.

यांत एक तात्त्विक कोडेंही दडलें आहे. कोणतीही आज्ञावली स्मृतींत आणावयाची तर ती आणणारी दुसरी तेथें आधीं असावी लागते. तिला आणणारी तिसरी. आणि असें मागें मागें जात राहिल्यास अंत लागत नाहीं. आपल्या नैयायिकांनीं ज्यास अनवस्था म्हटलें आहे ती हीच. इंग्रजींत या क्रियेस 'बूट' हें नांव पडलें तें, स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःसच वर उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून. १९७५ सालच्या अल्टेअर ८८०० या यंत्रांत ही अनवस्था माणसाचें बोट तोडीत असे: दर्शनी फळीवरील खटके वरखालीं करून पहिल्या थोड्या आज्ञा हातानें भरावयाच्या, म्हणजे पुढील काम यंत्र करी. पुढें हाताचें तें काम न पुसणाऱ्या चिपकडे गेलें. परंतु त्या चिपमध्यें आज्ञा लिहिणारा कोणी होताच. आपले आपण, कोणाच्याही पूर्वतयारीवांचून, सुरू होणारें यंत्र जगांत नाहीं, ही गोष्ट पुढील विचारास उपयोगी पडणार असल्यामुळें येथें नमूद करून ठेवितों.

ही सांखळी ध्यानांत आली कीं 'कोणीं बिघडविलें?' हा प्रश्न मागें पडतो आणि त्याच्या जागीं 'कोठवर आलें?' हा प्रश्न येतो. दिवा नाहीं, पंखा नाहीं, कसलाच आवाज नाहीं, तर विजेपलीकडे जाण्याचें कारण नाहीं. भिंतींतील खटका, तार, वीजपुरवठ्याचा भाग, एवढ्यांतच पाहावें. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर पडद्याची तार, स्मृतीच्या पट्ट्या आणि चित्र पुरविणारा भाग यांकडे वळावें. कंपनीचें नांव उमटतें आणि मग 'डिस्क सांपडत नाहीं' अशा अर्थाचा मजकूर येतो, तर वीज, स्मृति व पडदा हीं तिन्ही बहुतेक निर्दोष सुटलीं. आतां डिस्क, तिची जोडणी, किंवा कोणी विसरून लावून ठेवलेला पेनड्राइव्ह यांची चौकशी करावी. कारण यंत्र कधीं कधीं त्या पेनड्राइव्हमध्यें नसलेली कार्यप्रणाली शोधीत तेथेंच अडतें. कार्यप्रणालीचें चिन्ह दिसून मग यंत्र गोठत असेल, तर दोष पुष्कळदां धातूंत नसून लिखाणांत असतो, आणि त्यासाठीं अत्यावश्यक तेवढेंच बरोबर घेऊन सुरू होण्याची सेफ मोड नांवाची सोय केलेली असते. एवढा विवेक न करतां जो एकदम सर्व पुसून नव्यानें मांडणी करावयास धांवतो, त्याची गत 'आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं' अशी होते. बंब चांगलाच असतो. फक्त आग तेथें नसते.

मुक्काम कळल्यावर दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच बदल करावा. यंत्रांत स्मृतीच्या दोन पट्ट्या आहेत अशी कल्पना करूं. दोन्ही काढल्या, पुसल्या, जागा बदलून बसविल्या, तार नवी लावली, आणि यंत्र सुरू झालें. यावरून कळलें काय? कांहीं नाहीं. उलट, पहिली पट्टी एकटी लावली असतां यंत्र चालतें, दुसरी एकटी त्याच जागीं लावली असतां चालत नाहीं, आणि दुसऱ्या जागीं लावली तरीही चालत नाहीं, असें दिसलें तर दोष जागेंत नसून त्या पट्टींत आहे हें ठरलें. दोष असला तर बिघाड आहे आणि दोष काढला तर बिघाड नाहीं, हीच आपल्या शास्त्रांतील अन्वयव्यतिरेकाची रीत. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथांत ज्या रीति सांगितल्या, त्यांतील पहिल्या दोहोंचें तत्त्वही पुष्कळसें असेंच आहे. आयुर्वेदानें निदानाचीं पांच साधनें मानलीं, त्यांत उपशय हें एक आहे: रोगाचीं लक्षणें गूढ असतील तेव्हां अमुक उपचारानें बरें वाटतें कीं वाईट, यावरून रोग ओळखावा. पट्टी बदलून पाहणारा तंत्रज्ञ नकळत वैद्याचाच मार्ग अनुसरीत असतो.

या मार्गांत धीर लागतो, आणि धीर नसेल तेथें काकतालीय न्याय सुरू होतो. स्मृतीच्या पट्टीचे सोनेरी दांत खोडरबरानें पुसून ती पुन्हां बसविली कीं यंत्र चालूं लागतें, असें आपल्याकडे पुष्कळ लोक खात्रीनें सांगतात, आणि पुष्कळदां तें चालूं लागतेंही. परंतु पट्टी पुसण्यासाठीं ती काढून पुन्हां घट्ट बसवावी लागते, आणि नुसतें तेवढ्यानेंही काम झालें असतें कीं काय, हें कोणी पाहत नाहीं. श्रेय खोडरबरास मिळतें. यंत्र बंद करून पुन्हां सुरू करण्याच्या उपायाचेंही असेंच आहे. त्यानें तात्पुरत्या स्मृतींतील गोंधळ पुसला जातो, म्हणून तो उपाय खोटा नव्हे. परंतु गोंधळाबरोबर कित्येकदां त्याचा पुरावाही पुसला जातो. घरगुती यंत्राच्या बाबतींत मनुष्य एवढ्यावर समाधान मानील तर त्यास नांव ठेवण्याचें कारण नाहीं. ज्याच्यावर दुसऱ्यांचें काम अवलंबून आहे त्यानें मात्र 'चाललें ना, मग झालें' असें म्हणणें म्हणजे पुढील बिघाडाची तारीख न सांगतां ती ठरवून ठेवणें होय.

आतां मोठ्या प्रमाणावरील एक उदाहरण घेऊं. १९ जुलै २०२४ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं, क्राउडस्ट्राइक या संरक्षक आज्ञावली पुरविणाऱ्या अमेरिकन कंपनीनें विंडोज यंत्रांसाठीं एक नवी फाइल धाडली. ती मिळालेलीं यंत्रें कोलमडलीं, पुन्हां सुरू होऊं लागलीं, आणि सुरू होतां होतां पुन्हां कोलमडलीं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें अशीं यंत्रें सुमारें ८५ लाख होतीं. विमानें अडलीं, रुग्णालयांचीं कामें खोळंबलीं, आणि आपल्या देशांतील कांहीं विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. कंपनीनें ७८ मिनिटांत ती फाइल मागें घेतली. परंतु जें यंत्र सुरूच होत नाहीं त्यास दुरुस्ती पोंचणार कशी? बहुतेक ठिकाणीं माणसानें एकेका यंत्रापाशीं जाऊन, सेफ मोडमध्यें तें उघडून, ती एक फाइल काढून टाकावी लागली. पुढें कंपनीनें कारणांची जी मीमांसा प्रसिद्ध केली तींत असें दिसलें कीं, एका ठिकाणीं माहितीचे २१ रकाने मानलेले होते आणि प्रत्यक्षांत २० च पुरविले जात होते. ही विसंगति फेब्रुवारी २०२४ पासून तेथें होती. आधींच्या चांचण्यांत एकविसाव्या रकान्यापुढें 'कांहींही चालेल' अशीच खूण असल्यामुळें ती उघडकीस आली नाहीं.

त्या सकाळीं आपापल्या टेबलापाशीं बसलेल्या किती लोकांनीं 'आपल्याच हातून कांहीं झालें असावें' म्हणून घाबरून इकडेतिकडे पाहिलें असेल, याची कल्पना वाचकांनीं करावी. दोष त्यांच्यांत नव्हता, त्यांच्या यंत्रांत नव्हता, आणि ज्यानें शेवटची फाइल धाडली त्या एका हातांतही सर्वस्वी नव्हता. तो मोजणींत होता, चांचणींत होता, आणि ८५ लाख यंत्रांस एकाच वेळीं एकच वस्तु देण्याच्या पद्धतींत होता. जसा आरंभ कोणाचाच सर्वस्वीं स्वतःचा नसतो, तसा बिघाडही नसतो.

याउलट जेथें शोधाच्या आधीं आरोप येतो तेथें काय होतें? आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयांत दिवाळीच्या सुट्टीनंतर एक जुना संगणक सुरू होईना. सुट्टींत खोली झाडण्यास शिपाई आले होते, तेव्हां त्यांनींच कांहीं ओढलें असणार, असा निर्णय तंत्रज्ञ येण्यापूर्वींच झाला, आणि तो चारचौघांत त्यांस ऐकविण्यांतही आला. तंत्रज्ञानें पडद्यावरील तारीख पाहिली. ती कित्येक वर्षांपूर्वींची होती. मुख्य फलकावर नाण्याएवढा, तीन व्होल्टचा एक सेल असतो. बाहेरची वीज नसतांना घड्याळ व मांडणी तो सांभाळतो. सुट्टींत मुख्य खटका बंद होता, जुना सेल संपला, आणि त्याबरोबर डिस्कविषयींची मांडणी गेली. सेल बदलला, मांडणी पूर्ववत् केली, यंत्र सुरू झालें. शिपायांस मात्र कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. त्यांनीं त्या टेबलावर फडकें मारणें तेव्हांपासून सोडून दिलें. यंत्र पुन्हां सुरू केलें कीं त्याची तात्पुरती स्मृति कोरी होते. माणसाची होत नाहीं, हें त्या कार्यालयांतील पदवीधरांच्या लक्षांत यावयास हवें होतें.

इंग्लंडांत याच वृत्तीनें केवढा अनर्थ केला हें जगजाहीर आहे. तेथील पोस्टखात्यानें १९९९ पासून होरायझन नांवाची संगणकीय हिशेबपद्धति आणली. तींत तूट दिसली कीं ती शाखा चालविणारांनींच पैसे खाल्ले असें धरून चालत. यंत्र बरोबर चालत आहे असें गृहीत धरण्याकडे न्यायालयांचाही कल असे. १९९९ ते २०१५ या काळांत नऊशेंहून अधिक लोक दोषी ठरले. कित्येकांस तुरुंग पाहावा लागला, कित्येकांचे संसार धुळीस मिळाले. आज्ञावलींतच दोष होते हें २०१९ च्या निकालांत उघड झालें, आणि २०२४ सालीं कायदा करून ते दोषारोप एकदम रद्द करावे लागले. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याची म्हण आपल्याकडे आहे; येथें तर चोरीच झाली नव्हती.

आरोपाची घाई अन्यायाची आहे एवढेंच आमचें म्हणणें नाहीं. ती शोधासही मारक आहे. सुरू न होणाऱ्या संगणकाजवळ विचारण्याचा सर्वांत मोलाचा प्रश्न 'शेवटीं काय बदललें होतें?' हा असतो, आणि त्याचें उत्तर यंत्र देत नाहीं, माणूस देतो. 'काल मीं एक नवी आज्ञावली घातली', 'खुर्ची सरकवितांना तार हिसकली', हें वाक्य ज्या घरांत मूल न भितां उच्चारूं शकतें, त्या घरांत दोष पांच मिनिटांत सांपडतो. जेथें पहिला प्रश्न 'कोणीं केलें?' हा असतो, तेथें सर्वांचें उत्तर 'मीं नाहीं' असें ठरलेलें असतें, आणि तंत्रज्ञास दिवसभर अंधारांत चांचपडावें लागतें.

येथें एक शंका संभवते, आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाहीं. मनुष्य म्हणजे यंत्र नव्हे. त्याच्या प्रत्येक अपराधामागें कारणांची सांखळी दाखवून 'दोष कोणाचाच नाहीं' असें म्हणूं लागलों तर नीति उरली कोठें? पी. एफ. स्ट्रॉसन या तत्त्वज्ञानें १९६२ सालच्या 'फ्रीडम अँड रिझेंटमेंट' या निबंधांत हाच मुद्दा मांडला आहे. दुसऱ्यावर रागावणें, त्याचे उपकार मानणें, त्यास क्षमा करणें, यांत आपण त्यास आपल्या बरोबरीचा मनुष्य समजतों. आणि त्याच्याकडे केवळ दुरुस्त करावयाची वस्तु म्हणून पाहूं लागलों कीं तें नातेंच तुटतें. आम्हांस हें पूर्णपणें मान्य आहे. चूक करणाऱ्या मुलाकडे तंत्रज्ञाच्या थंड डोळ्यांनीं पाहणारा बाप, रागावणाऱ्या बापाहून अधिक निष्ठुर असूं शकतो.

परंतु या शंकेनें आमचा सिद्धांत बाधित होत नाहीं, तर अधिक नेमका होतो. यंत्र व मनुष्य यांतील खरा भेद कारणांत नाहीं. कारणें दोहोंसही असतात. भेद हा कीं मनुष्य उत्तर देऊं शकतो. यंत्र फार तर शिट्टी वाजवील. 'मीं असें कां केलें' हें मनुष्यच सांगूं शकतो, आणि 'पुन्हां करणार नाहीं' हेंही तोच म्हणूं शकतो. आपल्या भाषेंत जबाबदारीस उत्तरदायित्व हा जो शब्द आहे, त्यांत हीच गोष्ट सांगितली आहे. दोष हा द्यावयाचा असतो, उत्तर हें मागावयाचें असतें; आणि मागणाऱ्यास ऐकून घ्यावें लागतें. क्राउडस्ट्राइकनें कारणें प्रसिद्ध केलीं म्हणून ती कंपनी मोकळी झाली नाहीं. उलट कशाचें उत्तर तिनें द्यावयाचें हें त्यामुळेंच निश्चित झालें. शिपायांस मात्र उत्तर देण्याची संधिच मिळाली नव्हती. त्यांस मनुष्य समजण्यांत आलें असतें, तर निदान 'खोली झाडतांना खटका चालू होता कीं बंद?' एवढें तरी कोणीं विचारलें असतें, आणि तेवढ्यानें तंत्रज्ञाचें अर्धें काम झालें असतें.

तेव्हां क्रम असा असावा: आधीं कोठवर आलें तें पाहावें, मग काय बदललें तें विचारावें, मग एकेक बदल करून कारण निश्चित करावें, आणि त्यानंतर, ज्याच्याकडे कांहीं उत्तर असेल त्यास तें विचारावें. या क्रमानें गेल्यास पुष्कळदां शेवटच्या पायरीची गरजच पडत नाहीं. आणि जेथें पडते तेथें राग आला तरी तो योग्य माणसावर व योग्य मापानें येतो. आणि कारण सांपडल्यावर, मध्यंतरीं ज्याच्यावर संशय घेतला गेला त्यास 'तुमचा यांत दोष नव्हता' असें चारचौघांतच सांगावें. सेल बदलण्यास लागला त्याहून यास अधिक वेळ लागत नाहीं, आणि हें केल्यावांचून ती दुरुस्ती पुरी झाली असें आम्ही म्हणणार नाहीं.